जुना डेस्कटॉप बदलायचाय: कमी खर्चात कोणते पार्ट घ्यावेत, जुन्यातलं काय ठेवावं?

निळीशाई

सध्याचं मशीन: इंटेल आय५-२४००, एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम ४+४ जीबी, ५०० जीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १९ इंची मॉनिटर (फक्त व्हीजीए), विंडोज १०.

काम: ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, मोठ्या एक्सेल फायली, ऑनलाइन क्लास, फोटोंची किरकोळ दुरुस्ती, अधूनमधून व्हिडिओची काटछाट. गेम जवळजवळ नाहीत, असले तर जुने.

खर्च कमीत कमी ठेवायचाय, पण पुढची सहा-सात वर्षं परत स्क्रू उघडायला नकोत. काढलेली यादी अशी: रायझन ५ ५५००, ए५२० बोर्ड, ८ जीबीची एक रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी वेगवान डिस्क). कॅबिनेट, एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि मॉनिटर जुनेच. काय चुकतंय?

अर्धविराम

सगळ्यात आधी ५५०० खोडा. त्यात ग्राफिक्स नाही. ए५२० बोर्डच्या पाठीमागे एचडीएमआयचं पोर्ट दिसेल, पण ते पोर्ट प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सच्या जिवावर चालतं. आत ग्राफिक्स नसेल तर पोर्ट नुसतं शोभेचं. पंखे फिरतील, दिवे लागतील, स्क्रीन काळी. मग बोर्ड खराब आला म्हणून परत करायची धावपळ. या एका चुकीपायी बरेच चांगले बोर्ड परत जातात.

नावावरून ओळखायची पद्धत: इंटेलमध्ये शेवटी एफ असेल (१२१००एफ, १२४००एफ) तर ग्राफिक्स नाही, एफ नसेल तर आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) उलटं, शेवटी जी किंवा जीटी असेल (५६००जी, ५६००जीटी) तरच ग्राफिक्स. एएम५ वरच्या ७००० मालिकेत बहुतेकांना डिस्प्लेपुरतं छोटं ग्राफिक्स दिलंय, ७५००एफसारखे एफवाले सोडून.

तुमच्या कामासाठी तीनच नावं: आय३-१२१००, आय५-१२४००, रायझन ५ ५६००जी. वेगळ्या ग्राफिक कार्डाची गरज नाही.

ठोकळा

त्याआधी एक प्रश्न. मशीन बदलायलाच हवंय का? आय५-२४०० २०११ चा आहे हे खरं, पण त्याला चार कोअर आहेत आणि ८ जीबी रॅमही आहे. "स्लो" वाटतं त्यातला मोठा वाटा हार्ड डिस्कचा असतो. फिरती डिस्क सेकंदाला शे-सव्वाशे ठिकाणांहून छोटे तुकडे उचलते, साधी साटा (वायरने जोडायची) एसएसडी हजारो ठिकाणांहून. एच६१ वर साटा ३ जीबीपीएसलाच अडकतो, त्यामुळे एसएसडीचा ५५० एमबीचा वेग निम्म्यावर येईल. तरी विंडोज उघडण्यातला फरक डोळ्यांना दिसेल, कारण तिथे सलग वेग कमी आणि तुकडे उचलणंच जास्त असतं.

अर्धविराम

@ठोकळा, वर्षभर ढकलायचं असेल तर बरोबर. पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलच्या बाजूने यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. हा दुसऱ्या पिढीचा. तपासणीला बगल देऊन ११ बसवता येतं, चालतंही, पण मोठ्या वार्षिक आवृत्त्या आपसूक येत नाहीत, दर वेळी तीच खटपट. लिनक्स चालणार असेल तर एसएसडी टाकून हे मशीन अजून बराच काळ चालेल. एक्सेलच्या मॅक्रो असतील तर मात्र तिथेच घोडं अडेल.

निळीशाई

मॅक्रो आहेत. विंडोजच लागेल, म्हणजे मशीन बदलायचंच.

आणि ५५०० ची चूक पोटात गोळा आणणारी होती, धन्यवाद. एसएमपीएस तरी राहू दे ना? ४५० वॉट आहे, नवीन प्रोसेसर तर ६५ वॉटचे.

कोरडवाहू

तोच सगळ्यात आधी जायला हवा.

एसएमपीएस बाहेर काढा आणि बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला ४५० विसरा. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. कामाचा आकडा हा. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेलवर (वेगळ्या पुरवठ्यावर) दाखवून बेरीज फुगवलेली असते. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, पंखे आणि कार्ड सगळे १२ व्होल्टवरच चालतात. ५ आणि ३.३ वर यूएसबी, एसएसडी असलं किरकोळ.

आता म्हणाल १९२ वॉट तरी पुरतात की. आकड्यात पुरतात. मेख बांधणीत आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणावर बांधलेले असतात. १२ वर भार वाढला आणि ५ वर काहीच नसलं की १२ खाली सरकतो, ५ वर चढतो. जुन्या मशीनमध्ये दोन्हीकडे थोडाथोडा भार असायचा म्हणून हे झाकलं जायचं. त्यात दहा-बारा वर्षं तापलेले कॅपॅसिटर. परिणाम कसा दिसतो? मशीन बंद पडत नाही. कधीतरी आपोआप रीस्टार्ट होतं, कधी एसएसडी अचानक दिसेनाशी होते. मग लोक रॅम बदलतात, विंडोज परत टाकतात, आणि खरा चोर तसाच बसलेला असतो.

गरज किती ते बघा. ६५ वॉट हा आकडा सतत चालण्याचा आहे, जोर लावल्यावरचा नाही. १२१०० पूर्ण जोरात ८९ वॉटपर्यंत जातो, ५६००जी ८८, १२४०० जातो ११७ पर्यंत. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून अजून ३०-४०. म्हणजे १६० च्या वर जात नाही. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझचा, १२ व्होल्टवर एकट्याने ४०० च्या वर वॉट देणारा आणि पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. पुढे ७०-१३० वॉटचं कार्ड टाकलंत तरी तोच चालेल. ८० प्लस म्हणजे फक्त वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र. आतल्या संरक्षणाबद्दल ते काही सांगत नाही. त्यामुळे वॉरंटीची वर्षं आणि १२ व्होल्टचा आकडा हे दोन जास्त बोलके.

अजून एक. जुन्या एसएमपीएसला प्रोसेसरसाठी चारच पिनांचा कनेक्टर असतो. नव्या बोर्डवर आठ पिनांची जागा असते. चार पिनांवर १२१०० सुरू होतो, पण सगळा प्रवाह निम्म्या तारांतून जातो. आणि आठ पिनांची वायर घालताना ग्राफिक कार्डची ६+२ वाली वायर हातात येऊ देऊ नका. दिसायला बहीण, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या ओळीत असतात. प्रोसेसरची ४+४ अशी दुभंगते, कार्डची ६+२ अशी.

सातूचंपीठ

कोरडवाहूंना अनुमोदन, आणि एक जोड. यूपीएस असेल तर तपासा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असतं आणि काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की चौकोनी लहर देतात. अशा जोडीत वीज गेली की कधीकधी मशीन तत्क्षणी बंद पडतं आणि दोष नव्या एसएमपीएसला जातो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, त्यामुळे ताकद पुरते, अडचण लहरीची असते. वायर लावून, मशीनवर थोडा भार ठेवून, प्लग काढून बघा. फायली सेव्ह करून.

निळीशाई

लेबल बघितलं. +१२ व्होल्ट, १४ अँपिअर. म्हणजे १६८. बरं, गेला तो. आता १२१०० की ५६००जी? आणि रॅम एक ८ ची का नको?

अर्धविराम

रॅमचं आधी. मेमरीला दोन वाटा असतात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ५१.२. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते हीच वाट वापरतं. त्यामुळे ५६००जी घेऊन एकच पट्टी टाकणं म्हणजे त्यातलं ग्राफिक्स अर्धं बांधून ठेवणं. शिवाय ८ जीबीतला तुकडा ग्राफिक्ससाठी बाजूला काढला जातो, विंडोजला उरतात सातच्या आसपास. वीस-पंचवीस टॅब आणि मोठी एक्सेल उघडली की एसएसडीवर स्वॅप सुरू, म्हणजे रॅम भरली म्हणून डिस्कच रॅमसारखी वापरणं. १६ जीबी, ८+८, याच्या खाली उतरू नका.

चार खाचांच्या बोर्डवर पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोनमध्ये शेजारीशेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच वाटेवर येतात. दोनच खाचा असतील तर विचारच नको.

ठोकळा

इथे थोडा असहमत. १२१०० ला चालणाऱ्या स्वस्त एच६१० बोर्डवर दोनच खाचा असतात. ८+८ लावलं की भरलं. उद्या ३२ करायचं तर दोन्ही पट्ट्या काढून टाकायच्या. १२१०० घेतला तर त्याचं यूएचडी ७३० ग्राफिक्स तसंही डिस्प्ले आणि व्हिडिओपुरतंच आहे, ऑफिसच्या कामात एका पट्टीने फार बिघडत नाही. मग १६ ची एकच घ्यावी, दुसरी खाच रिकामी ठेवावी.

अर्धविराम

यात तथ्य आहे. १२१०० बरोबर १६ची एक पट्टी हा वाईट निर्णय नाही. ५६००जी सोबत मात्र तो वाईटच. फक्त पुढे दुसरी घेताना तोच मॉडेल क्रमांक मिळाला नाही तर वेग आणि टायमिंग कमी असलेल्या पट्टीवर दोन्ही उतरतात, कधी जमतही नाही. रॅमचे भाव चढउतार करतात, "नंतर घेऊ" हा बेत दर वेळी फायद्याचा ठरत नाही. या कामाला १६ पुरत असतील तर मी ८+८ चीच जोडी घेईन. जुनी डीडीआर३ बसणार नाही, खाचेची जागाच वेगळी असते. जोर लावू नका.

आता प्रोसेसर. एका कोअरचा वेग १२१०० चा जास्त, एक्सेलला आणि ब्राउझरला तोच जाणवतो. सहा कोअर ५६००जीला, व्हिडिओ रेंडर करताना ते कामाला येतात. पण व्हिडिओ बघण्यात आणखी एक गोम आहे: यूएचडी ७३० एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) स्वतः उलगडतं, ५६००जी मधलं व्हेगा ग्राफिक्स एव्ही१ ओळखत नाही, ते काम सहा कोअरवर पडतं. आजकाल बरेच ऑनलाइन व्हिडिओ एव्ही१ मध्ये येतात. आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर इंटेलचं क्विक सिंक (ग्राफिक्समधलं व्हिडिओसाठीचं सर्किट) वापरत असेल तर एक्सपोर्टमध्ये चार कोअरची उणीव बरीच भरून निघते. ५६००जी जिंकतो तो गेममध्ये, तिथे व्हेगा स्पष्ट पुढे आहे. तुम्हाला गेम नकोत. १२१०० घ्या. ऐपत असेल तर १२४००.

उंबरठा

एएम५ कुणीच का काढत नाही? एएम४ (५६००जीचं) आणि एलजीए १७०० (१२१००चं) दोन्ही संपलेले सॉकेट आहेत. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. आज ८५००जी घेतला तर चार वर्षांनी त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर.

कोरडवाहू

@उंबरठा, धागाकर्ते आजवर एकच सॉकेट वापरून मशीन बदलायला निघालेत. त्या एलजीए ११५५ वर पुढे आय७-३७७० बसला असता, टाकला का? बहुतेक घरगुती मशीनमध्ये प्रोसेसर एकदाच बसतो. एएम५ ला डीडीआर५ सक्तीची, बोर्डही महाग वर्गातले. तीच रक्कम एसएमपीएस आणि मोठ्या एसएसडीत घातलेली बरी. जो दर तीन वर्षांनी काहीतरी बदलतोच, त्याने एएम५ जरूर घ्यावा.

आणि १७०० संपला असला तरी १२१०० खालीच आहे. वर १२४००, १३४०० आहेत, पुढे वापरलेले मिळतील. तेवढी वाट या बोर्डवर शिल्लक राहते.

उंबरठा

मान्य. पण ८५००जी घेणाऱ्यांनी पुढे ग्राफिक कार्ड टाकायचं असेल तर लक्षात ठेवावं, त्यात कार्डासाठी फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) आहेत.

सातूचंपीठ

बोर्डवर कुणी बोललंच नाही. एच६१० घेताना नाव पूर्ण वाचा. एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एक डीडीआर४ चा, एक डीडीआर५ चा. डीडीआर४ वाल्याच्या नावात बहुधा डी४ असतं. रॅम एक आणि बोर्ड दुसरा आला की सगळं ठप्प. अगदी खालच्या काही बोर्डांवर एम.२ खाच (एनव्हीएमई एसएसडी बसते ती) नसते, काहींवर प्रोसेसरच्या पंख्यासोबत कॅबिनेटच्या पंख्यासाठी एकच कनेक्टर असतो. मॉनिटर व्हीजीएचा आहे ना? एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर व्हीजीए पोर्ट अजून मिळतं, तसाच निवडा. नाहीतर एचडीएमआयवरून व्हीजीए करायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन टोकांची नुसती वायर मिळते, ती चालत नाही, कारण एका बाजूला डिजिटल आणि दुसऱ्या बाजूला ॲनालॉग आहे.

१२व्या पिढीचा प्रोसेसर कुठल्याही एच६१० वर थेट चालतो. १३वी किंवा १४वी असेल तर जुन्या साठ्यातल्या बोर्डला बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागू शकतं. कुणी हे वाचून बी४५० आणि ५६००जी घेत असेल तर तिथे हा धोका जास्त आहे: बोर्ड जुन्या बायोसचा निघाला तर ५६००जी ओळखतच नाही, आणि अपडेट करायला आधी जुना रायझन बसवावा लागतो. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवाय जमतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाईलला बोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं नावच द्यायचं, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

निळीशाई

एसएसडी ५०० पुरेल? हार्ड डिस्कवर ३०० जीबी फोटो आणि कागदपत्रं आहेत.

ठोकळा

५०० पुरेल, फरक थोडा असेल तर १ टीबी घ्या. पीसीआयई ३.० ची चांगली एसएसडीही सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास वाचते, ४.० चे ७००० तुमच्या कामात कळणार नाहीत. त्याऐवजी टीएलसी की क्यूएलसी ते बघा. टीएलसीमध्ये एका पेशीत तीन बिट असतात, क्यूएलसीमध्ये चार कोंबलेले. मोठी फाईल टाकताना सुरुवातीला वेगात जाते आणि कॅश भरली की हार्ड डिस्कसारखी रांगते, डिस्क भरत आली की अजूनच. डीरॅम (डिस्कची स्वतःची छोटी मेमरी) नसलेली चालेल, एनव्हीएमईवर ती थोडी मेन मेमरी उसनी घेते. एम.२ आकाराची साटा एसएसडीही मिळते, दिसायला तशीच. खोक्यावर एनव्हीएमई लिहिलंय ना ते पाहा.

जुन्या डिस्कवर भरवसा ठेवण्याआधी तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले. सी५ च्या कच्च्या आकड्यात शून्याशिवाय काही दिसलं तर आधी फोटो उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर. शून्य असलं तरी इतक्या वयाच्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवू नका.

अर्धविराम

आणि विंडोज टाकताना ती जुनी डिस्क जोडूच नका! दोन्ही जोडलेल्या असतील तर इन्स्टॉलर कधीकधी विंडोज एसएसडीवर टाकतो आणि बूटचा भाग जुन्या डिस्कवर लिहितो. सगळं छान चालतं. दोन वर्षांनी जुनी डिस्क मरते आणि एसएसडीवरचं विंडोज उठत नाही. आधी फक्त एसएसडी, पहिल्यांदा डेस्कटॉप दिसला की मशीन बंद करून मग डिस्क.

जुन्या डिस्कवरूनच बूट करू असा विचार असेल तर सोडा. तिच्यावरचं विंडोज जुन्या बायोस पद्धतीचं, एमबीआर. नवे बोर्ड यूईएफआय ही नवी पद्धतच मागतात. नवीन टाकलेलं केव्हाही स्वच्छ.

लायसन्स: मशीनसोबत आलेलं ओईएम असेल तर ते जुन्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नव्यावर येत नाही. वेगळं घेतलेलं रिटेल असेल तर हलवता येतं; जुन्या मशीनवर असतानाच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा.

इन्स्टॉल करताना विंडोज ११ इंटरनेट मागतं, आणि नव्या लॅन चिपचा ड्रायव्हर त्यात नसला तर "पुढे" दाबताच येत नाही. बोर्डच्या पानावरून लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू आहे का बघा. बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर द्या.

उंबरठा

नवीन पार्ट नकोच असतील तर ऑफिसमधून निघालेलं, आठव्या किंवा पुढच्या पिढीचं वापरलेलं डेस्कटॉप हाही मार्ग आहे. आय५-८५०० ला सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ रीतसर चालतं. पण ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्डचे कनेक्टर त्या कंपनीचे स्वतःचे असतात. एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा बसत नाही. चपट्या कॅबिनेटमध्ये कार्डही अर्ध्या उंचीचंच.

निळीशाई

नवीनच घेईन. जोडणी स्वतः करणार आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये काही अडेल का?

कोरडवाहू

कॅबिनेट साधं एटीएक्स असेल तर मायक्रो एटीएक्स बोर्ड बसतो. बोर्ड ठेवण्याआधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) मोजा. बोर्डला जिथे भोक नाही तिथे जुना स्टँडऑफ उभा राहिला तर तो मागून ट्रॅकला टेकतो आणि शॉर्ट होतं. जास्तीचे काढा. समोरच्या बटणांच्या वायरी: पॉवर आणि रीसेट कशाही लावल्या तरी चालतात, एलईडीच्या उलट्या लागल्या तर फक्त दिवा लागत नाही, काही जळत नाही. समोरचे यूएसबी जुने असतील, नऊ पिनांचे, ते बोर्डवरच्या यूएसबी २ वर जातील. समोरच्या ऑडिओ वायरीवर एसी९७ आणि एचडी असे दोन कनेक्टर असतील तर एचडी वापरा. मागे पंखा नसेल तर एक १२० मिमीचा टाका, तेवढी जागा आहे का मोजून.

मी तर आधी सगळं कॅबिनेटबाहेर, बोर्डच्या खोक्यावर जोडून बघायला सांगेन. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएसच्या दोन वायरी, मॉनिटर. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श. बायोस दिसला की मग आत बसवायचं. काही बिघडलं असेल तर इथेच कळतं, दहा स्क्रू परत काढावे लागत नाहीत.

प्रोसेसर बसवताना: एलजीए १७०० च्या पिना बोर्डवर असतात, केसाएवढ्या बारीक. प्रोसेसर कडेने धरून सरळ वरून सोडायचा, सरकवायचा नाही. काळं प्लास्टिकचं झाकण आधी काढू नका. लीव्हर खाली दाबताना ते आपोआप उडतं, ते जपून ठेवा, त्याच्याशिवाय वॉरंटीत बोर्ड घेत नाहीत. लीव्हरला जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. तो येणारच.

पंखा: इंटेलच्या पंख्याला चार खटके असतात. चारही आधी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्या, भोकांवर ठेवा, मग समोरासमोरचे दोन दाबा, नंतर उरलेले दोन. प्रत्येकाचा टक् असा आवाज. मग बोर्ड उलटा करून बघा: चारही पांढऱ्या पायांच्या मधून काळी खुंटी बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धी असेल तर पंखा तिरका बसतो आणि मशीन सुरू होताच तापमान ९० च्या पुढे. तळाला पेस्ट आधीच लावलेली असते. उचलून परत ठेवलात तर ती पुसून नवीन लावा, वाटाण्याएवढी.

सातूचंपीठ

डिस्प्ले आला नाही तर बोर्डवरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सगळ्या बोर्डांवर नसतात. ज्याच्यावर अडकलं तिथे अडचण. डीरॅमवर अडकलं तर दहापैकी नऊ वेळा रॅम पूर्ण बसलेली नसते. एका बाजूची क्लिप लागते, दुसरी वाटते तेवढी लागत नाही. पहिल्यांदा मिनिटभर काळी स्क्रीन राहिली तरी घाईने बंद करू नका, बोर्ड मेमरी तपासत असतो. डीडीआर५ वर तर हे कित्येक मिनिटं चालतं.

बायोसमध्ये गेलात की दोनच गोष्टी. रॅम ३२०० वर चालतेय का, नसेल तर एक्सएमपी (रॅमवर लिहिलेला वेग लावणारी सेटिंग) चालू करा. आणि टीपीएम, इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात. मग रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर). एक जरी चूक लाल दिसली तर पट्टी परत. "एखादीच तर आहे" असं नसतं, तीच एक्सेलची फाईल खराब करते.

निळीशाई

अंतिम यादी: आय३-१२१००, खोकेबंद, पंख्यासकट. एच६१० मायक्रो एटीएक्स, डीडीआर४, व्हीजीए + एचडीएमआय + एम.२ असलेला. ८+८ जीबी डीडीआर४-३२००, एकाच पाकिटातली जोडी. १ टीबी एनव्हीएमई, टीएलसी. ४५० वॉट ब्राँझ, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर. जुनं कॅबिनेट, मागे १२० मिमीचा पंखा. जुनी डिस्क स्मार्ट बघून: ०५ मध्ये ८, सी५ शून्य.

ठोकळा

०५ मध्ये ८ म्हणजे आठ सेक्टर आधीच बदललेत. हा आकडा आज लिहून ठेवा, महिन्याने परत बघा. तोच असेल तर दुसरी प्रत म्हणून वापरा, वाढला तर काढून टाका. फोटो आजच एसएसडीशिवाय अजून कुठेतरी उतरवा.

कोरडवाहू

यादी ठीक. ३६ अँपिअर म्हणजे ४३२ वॉट, पुरून उरेल. बोर्डच्या खोक्यातली पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला बोर्डच्या *आधी* लावा. सगळे स्क्रू आवळून झाले की ती टेबलावर पडलेली दिसते. आणि लावताना तिच्या आतल्या बाजूचे पत्र्याचे कान बघा, एखादा लॅनच्या पोर्टमध्ये दुमडून शिरतो, मग वायर अर्धीच आत जाते.

निळीशाई

पट्टी आधी. लिहून घेतलं.